टोकायचं तळघर

काका आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा बूट काढण्याआधीच त्यांनी घराचा पंचनामा केला. दारात थांबले, हनुवटी जराशी उचलली, दोन छोटे श्वास घेतले आणि म्हणाले, "काल मासे. आज ते झाकायला उदबत्ती. आणि सिंकखालच्या कपाटात एक कांदा सडलाय." मग आत आले, माझ्या सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि पाणी मागितलं.

मला राग आला होता. चार माणसांसमोर असं कुणी बोलतं का? सगळे गेल्यावर मी कपाट उघडलं, डिटर्जंटच्या बाटल्या बाहेर काढल्या. कांदा होता. पाइपच्या मागे घरंगळलेला, अर्धा पाणी झालेला.

न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळात काकांना ओळखणाऱ्या प्रत्येकाच्या घरी असा एखादा कांदा निघालेला आहे.

ते मूळचे मिरजेचे, केमिकल इंजिनिअर. फार पूर्वी शिकायला म्हणून अमेरिकेत आले आणि खाण्याच्या पदार्थांसाठी स्वाद बनवणाऱ्या एका कंपनीत लागले ते निवृत्त होईपर्यंत तिथेच. आइस्क्रीममधला आंबा, गोळीतली चिंच, च्युइंगगममधली स्ट्रॉबेरी असं सगळं त्यांच्या टेबलावर बाटल्यांमधून थेंब थेंब काढून जुळवलेलं असे. "तू पोरांना आइस्क्रीममधून जो आंबा भरवलास ना," ते मला म्हणाले होते, "त्याने झाड बघितलेलं नाही." माझी मुलं आता मोठी झाली आहेत, पण आइस्क्रीमच्या दुकानात आंब्याच्या डब्यापाशी आलं की मला अजून काका आठवतात.

सोमवार ते शुक्रवार त्यांच्या घरी कांदा-लसूण शिजत नसे. मंडळात सगळ्यांची समजूत अशी, की हे घर फार सोवळ्याओवळ्याचं. त्यामुळे गणपतीच्या नैवेद्याचं काम वर्षानुवर्षं काकूंकडे. काकू निमूटपणे करत. एका शनिवारी मी त्यांची पातेली परत द्यायला न कळवता गेले, तर काकू कांदाभजी तळत होत्या आणि काका ओट्याशी उभ्याने, गरम गरम, एकामागून एक तोंडात टाकत होते.

"काकू, तुमचं व्रत?" मी विचारलं.

"कसलं व्रत गं? यांचं नाक कंपनीचं आहे," काकू झारा निथळत म्हणाल्या. "शनिवार-रविवार तेवढं आमचं."

मग मी नैवेद्याचं काम दुसऱ्या कुणाला देऊ का, असं विचारलं. काकू म्हणाल्या, "राहू दे. देवाला काय, वार कळतात?"

काका दारू पीत नसत. कामावर वाइनचे घोट घ्यावे लागत. ते तोंडात फिरवायचे आणि थुंकून टाकायचे. तत्त्व वगैरे काही नव्हतं. "पिणाऱ्याला वास कळत नाही," ते म्हणत, "त्याला पुढे जायची घाई असते." हे त्यांनी म्हणावं, हीच गंमत. त्यांच्याइतका घाईचा माणूस मी पाहिलेला नाही. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, ताट हातात घेऊन फिरत जेवत, प्रत्येक झाकण उचलून बघत, आणि लोक गोडापर्यंत पोचायच्या आत काकूंना हाक मारत: "निघायचं का?" निवृत्तीनंतर मोठं घर विकून ते जर्सी सिटीत आमच्या जवळच एका उंच इमारतीत राहायला आले. तिथल्या स्टेशनवर गाडीची वाट बघताना ते फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत. गाडी आली की नेमके चुकीच्या टोकाला असत. त्यांच्या मोटारीत परफ्युम लावून कुणी बसलं, की जानेवारी असो नाहीतर बर्फ, चारही काचा खाली.

त्या इमारतीच्या लिफ्टमध्ये त्यांनी एका अनोळखी बाईंना सांगितलं होतं, की तुमच्या कुत्र्याचा डावा कान तपासून घ्या. बाई घाबरून एक मजला आधीच उतरल्या. पुढच्या आठवड्यात केक घेऊन दारात हजर. कानात खरंच जखम चिघळली होती. काकांनी केक हुंगला आणि त्यांना सांगितलं, की व्हॅनिला नकली आहे. बहुधा त्यांच्याच कंपनीचा.

बायका त्यांना घाबरत आणि तरी आपलं पातेलं त्यांच्यापुढे सरकवत. माझ्या मैत्रिणीने, वर्षाने, एकदा मोठ्या हौसेने बासुंदी केली होती.

"काका, कशी झालीय?"

"वेलची जुनी आहे."

"छान झालीय म्हणा ना एकदा तरी!"

"छान हा वास नाही," काका म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ‘छान’, ‘मस्त’, ‘भारी’ असं कुणी म्हटलं, की ते परीक्षेत कॉपी करणाऱ्याकडे बघावं तसं बघत. कशासारखा? कुठे आला होता आधी? ओला का कोरडा? टोचतो का पसरतो? त्यांच्याशी वासाबद्दल बोलणं म्हणजे उलटतपासणीच असे.

त्यांच्या आयुष्यात एक सल होता आणि तो आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होता, कारण कुणीही चॉकलेट पुढे केलं की ते सांगत. एका चॉकलेटवाल्याला टोकायच्या वाइनचा स्वाद असलेलं, पण दारू नसलेलं सारण हवं होतं. टोकाय हे हंगेरीतलं जुनं गाव, तिथली गोड वाइन जगात प्रसिद्ध. काम काकांकडे आलं. काका कित्येक महिने त्याच्यामागे वेड्यासारखे लागले. जर्दाळू जमला, मध जमला, संत्र्याची साल जमली. शेवटी त्यांच्या विभागाचा प्रमुख, एक म्हातारा युरोपियन, याने नमुन्यात बुडवलेली कागदाची पट्टी नाकाशी धरली, बराच वेळ डोळे मिटले आणि म्हणाला, "सगळं आहे. तळघर नाही." काम दुसऱ्याकडे गेलं.

"तळघर नाही म्हणे!" काका इथे नेहमी हात उडवत. "मी त्याच्यावरच तर सगळ्यात जास्त घाम गाळला होता. माझ्या बेसमेंटमध्ये खुर्ची टाकून बसायचो रात्र रात्र. आता, मी काही त्या गावाला गेलो नव्हतो, मान्य. पण म्हातारा तरी शेवटचा केव्हा गेला होता?" मग आवाज खाली यायचा. "बरोबर असेलही त्याचं. नमुना तर केव्हाच उडून गेला. एकदा त्या तळघरात उभं राहिलं पाहिजे. एका श्वासात कळेल, होतं का नव्हतं."

निवृत्त झाल्यावर जायचं, मग काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर जायचं, मग साथ संपल्यावर जायचं. साथ संपली. मंडळाच्या सहली मीच आखते. त्या वर्षी बुडापेस्ट ठरवलं, त्यात टोकायची एक दिवसाची गाइडसह सहल घातली, आणि पहिली दोन नावं काका-काकूंची लिहिली. आणि जायच्या आधीच्या हिवाळ्यात काकांना ताप आला. साधाच, घरच्या घरी बरा झाला. जाताना त्यांचं नाक घेऊन गेला.

हे मला काकूंनी सांगितलं. त्या खाली लाँड्रीत गेल्या असताना दूध उतू जाऊन पातेलं कोळसा झालं, धुराचा अलार्म वाजला, आणि काका शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. "अलार्म ऐकून उठले गं ते," काकू फोनवर म्हणाल्या. "वासाने नाही. हा माणूस मी चूल पेटवली तरी सांगायचा, काय शिजणार आहे. कुणाला बोलू नकोस. त्यांनी शपथ घातलीय."

काका मात्र पूर्वीसारखेच वावरत होते. अजूनही झाकणं उचलत, हनुवटी वर करत आणि निकाल देत. फक्त आता निकाल आठवणीतून येत होता. पिवळं दिसलं की हळद जास्त, काळं दिसलं की मसाला भाजताना लागला. बहुतेक वेळा बरोबर निघे. आम्ही स्वयंपाकात तरी कुठे फारसे बदललो होतो? स्वयंपाकघरात त्यांनी लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी यांच्या चार बाटल्या ठेवल्या होत्या. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक उघडून हुंगायची, हा डॉक्टरने सांगितलेला व्यायाम. कुणी विचारलं तर "प्रयोग चाललाय" म्हणत.

मी एकदा त्यांना नदीकाठच्या रस्त्यावर गाठलं. पलीकडे मॅनहॅटन, अलीकडे काका, तरातरा चाललेले. मला जवळजवळ पळावं लागलं.

"काका, काकूंनी सांगितलं मला."

"तिच्या पोटात काही राहत नाही."

"मग टोकायचं कशाला? त्या दिवसापुरतं कॅन्सल करते तुमचं. तुम्ही दोघं बुडापेस्टमध्ये आराम करा."

"कॅन्सल केलंस तर याद राख." ते थांबले नाहीत. "डॉक्टर म्हणतो, वास कधीही परत येऊ शकतो. एखादा जोरदार वास आला तर दार उघडेलही. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली, त्याच्याहून जोरदार काय असणार?"

"आणि नाही उघडलं तर?"

त्यांनी चालण्याचा वेग आणखी वाढवला. मी मागे राहिले.

दूर पश्चिमेकडच्या चँडलर गावाहून त्यांच्या मुलाचाही मला फोन आला. तो तिकडे चिप बनवणाऱ्या कारखान्यात मोठा इंजिनिअर आहे. "मावशी, प्लीज टॉक टु हिम. बाबा वाइन पीत नाहीत, त्यांना स्मेल येत नाही. व्हाय इज ही इव्हन गोइंग?" मी म्हटलं, मी बोलून बघितलं, आता ते येणार आहेत एवढं धरून चालू. काकांना आयुष्यात एकच गोष्ट तपासून बघायची राहिली होती, आणि ती तपासायचं एकमेव यंत्र बंद पडलं होतं.

टोकायला जायच्या दिवशी काका सगळ्यांच्या आधी हॉटेलच्या दारात, बसभोवती फेऱ्या मारत. आमची गाइड इलोना म्हणून एक उंच, चटपटीत बाई होती. हातात मिटलेली छत्री, छत्रीला लाल फीत. वेळेची इतकी पक्की, की मला ती पहिल्या भेटीतच आवडली. बस सुरू झाल्यावर तिने द्राक्षांची माहिती सांगायला सुरुवात केली आणि काका मधल्या मोकळ्या जागेत उभे राहून तिच्या प्रत्येक वाक्याला पुरवणी जोडू लागले. ड्रायव्हरने आरशातून दोनदा बघितलं. इलोना म्हणाली, सर, तुम्ही सीटवर बसून बेल्ट लावणार असाल तर मी तुम्हाला माइक देते. दिवसभरात तिचा हा एकच निर्णय चुकला.

"दोन नद्या मिळतात तिथे," काका माइकवर गरजले. "शरदात सकाळी धुकं, दुपारी ऊन. त्याने द्राक्षावर बुरशी येते. द्राक्ष वेलीवरच सुकतं, सडतं. दुसऱ्या कुणी फेकून दिलं असतं. यांनी त्याचं सोनं केलं."

"म्हणजे हिचा तो कांदा फुकटच गेला म्हणायचा!" माझ्याकडे बोट दाखवत मागून संजय ओरडला. संजय नागपूरचा, दातांचा डॉक्टर, आमच्या ग्रुपचा कायमचा वात्रट. बस हसली. काका हसले नाहीत. त्यांचं लक्ष खिडकीबाहेर होतं. बाहेर खरोखरच धुकं होतं.

गाव लहानसं. ओल्या दगडांचे रस्ते, बुटकी घरं, मागे द्राक्षांचा डोंगर. इलोनाची छत्री पुढे, आम्ही रांगेत, आणि काका कधी छत्रीच्याही पुढे तर कधी रांगेच्या मागे. चर्च बघताना ते बाहेर, नदी बघताना घड्याळाकडे. "तळघर कधी?" इलोनाने एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा फक्त हसली. काकूंनी त्यांच्या कोटाची बाही धरून ठेवली होती, गर्दीत लहान मुलाची धरावी तशी.

डोंगराच्या पोटात एक लाकडी दार होतं. आत दगडी पायऱ्या खाली उतरत गेलेल्या. काका पहिले गेले. मी आणि काकू लगेच त्यांच्या मागे. शेवटच्या पायरीवर ते थांबले, हनुवटी वर उचलली आणि श्वास घेतला. पूर्वीसारखा छोटा नाही. लांब, छाती भरेपर्यंत. मग पुन्हा एक. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. काकांनी मान हलवली नाही. फक्त पुढे सरकले, मागच्यांना वाट करून द्यायला.

आत बुटका, लांबलचक बोगदा. दोन्ही बाजूंना काळपट पिंपं, मेणबत्त्या, आणि भिंती पूर्ण काळ्या. जवळ जाऊन बघितलं तर त्यांच्यावर मऊ, जाड बुरशी, घोंगडीसारखी.

"हे साफ नाही करत का?" काकूंनी मला हळूच विचारलं. मी ते इलोनाला सांगितलं. ती दचकून म्हणाली, की ही बुरशी खरवडली तर मालक वेडे होतील. ती तळघराची हवा सांभाळते. पिंपातून जी दारूची वाफ उडते तिच्यावर ती जगते.

"माझ्यासारखी आहे," काका म्हणाले. "पीत नाही, वासावर जगते."

सगळे हसले. काकू हसल्या नाहीत.

इलोनाने पेले मांडले आणि पहिली वाइन ओतली. मग काय, एकच गिल्ला. "काका! काका सांगा!" आमचं नाक, आमचे एक्सपर्ट, असं संजय इलोनाला सांगत सुटला. मी मध्ये पडायला हवं होतं. पण तोवर पेला काकांच्या हातात होता. त्यांनी तो फिरवला, नाकाशी नेला, डोळे मिटले आणि इंग्रजीत सावकाश सांगायला लागले. सुकवलेला जर्दाळू. संत्र्याची साल, उन्हात नव्हे, सावलीत वाळवलेली. मध, पण जुना, तळाशी बसलेला. एकेक शब्द घोटीव. इतकी वर्षं तोंडात घोळवलेला.

इलोनाने बाटलीवरचं लेबल एकदा बघितलं. मग अगदी नम्रपणे म्हणाली, "सर, फार सुंदर सांगितलंत. पण ही आमची साधी, कोरडी वाइन आहे. तुम्ही सांगितलीत ती गोड वाइन शेवटी यायचीय."

"जेट लॅग, काका!" संजय म्हणाला. "नाक अजून नेवार्कच्या विमानतळावरच आहे!"

"नेवार्कलाही नाही," काका म्हणाले. त्यांनी पेला पिंपावर ठेवला. "मला वास येत नाही. हिवाळ्यापासून. काही म्हणजे काही येत नाही."

संजयचा चेहरा पडला. "काका, मला माहीत नव्हतं हो. आय अ‍ॅम सॉरी, यार..." शेवटचा शब्द त्याच्या तोंडून सवयीने निघून गेला आणि तो आणखीनच ओशाळला.

काका पायऱ्यांकडे वळले. मला वाटलं, आता हा माणूस वर जाणार आणि बस सुटेपर्यंत नदीकाठी चकरा मारणार. त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवलासुद्धा. मग गर्रकन वळले.

"तुम्हाला येतोय ना पण?"

आम्ही माना डोलावल्या.

"मग बोला की! नुसते उभे काय राहिलात? संजय, काय येतंय?"

"काका, म्हणजे... एकदम छान..."

"छान हा वास नाही!"

तळघर दणाणलं. आणि मला एकदम हायसं वाटलं. संजयलाही वाटलं असावं, कारण तो ताठ उभा राहिला आणि खरंच हुंगायला लागला. इलोनाने भराभर उरलेले पेले भरले. त्यातली शेवटची वाइन मधासारखी पिवळी होती. काका एकेकापुढे जाऊन उभे राहत होते. ओला का कोरडा? आधी कुठे भेटला होता? आठव. तोंडाने नको, नाकाने आठव.

वर्षा पेला नाकाशी धरून बराच वेळ घुटमळली. "काका, हसणार नाही ना? मेथीच्या लाडवांचा येतोय. बाळंतपणात आई करायची त्या."

काकांनी तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. "हसेन कशाला? मेथीत जी वस्तू असते तीच या वाइनमध्ये असते. अगदी तीच. मला मशीनवर शोधायला केवढे दिवस लागले होते, आणि तू उभ्या उभ्या सांगितलंस!" मग लगेच हात काढून घेतले. "पण हे वाइनचं झालं. ते माझ्याकडे होतं. मला तळघर हवंय. पेले ठेवा खाली. भिंतीकडे तोंड करा."

आणि आमचं अख्खं मंडळ, त्यात दोन माजी अध्यक्ष, हंगेरीतल्या एका बोगद्यात भिंतीला नाक लावून उभं राहिलं.

इलोना माझ्याजवळ आली. रेस्टॉरंटमध्ये आपली वेळ झाली आहे, ती म्हणाली. मी म्हटलं, जेवण कॅन्सल करा. तिने माझ्याकडे बघितलं. "ज्या शाकाहारी जेवणासाठी तुम्ही मला इतक्या ईमेल पाठवल्यात, ते?" तेच, मी म्हटलं. आमच्या बॅगांमध्ये दशम्या आणि चटणी होती. कुणी उपाशी मरणार नव्हतं.

"नवा माठ," कुणीतरी म्हणालं.

"हं. होता माझ्याकडे. पुढे?"

"ट्रंक. लोकरीचे कपडे ठेवलेली, खूप दिवसांनी उघडलेली."

"होती. पुढे."

"ओलं गोणपाट," संजय म्हणाला. "आणि त्याच्यावर कुणी तरी सफरचंद ठेवलंय."

"तेही होतं." काका आता भराभर फेऱ्या मारत होते, या पिंपापासून त्या पिंपापर्यंत. कपाळावर घाम होता, त्या गारठ्यातही. "सुटं सुटं सांगताय तुम्ही. सुटं सगळं होतं माझ्याकडे. माठ, ट्रंक, गोणपाट. त्याची बेरीज झाली होती का? म्हातारा हेच म्हणाला. सगळं आहे, तळघर नाही." त्यांनी हात उडवले. "नाही समजणार. असं दुसऱ्याच्या नाकाने नाही समजणार. चला. निघायचं का?"

हे शेवटचं नेहमीप्रमाणे काकूंना होतं. काकू अजून भिंतीपाशीच होत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी बुरशीला एक बोट लावून बघितलं, बोट रुमालाला पुसलं आणि म्हणाल्या, "हा तुमच्या शर्टांचा वास आहे."

"काय?"

"ते चॉकलेटचं चाललं होतं ना तुमचं, तेव्हाच्या शर्टांचा. कंपनीतून आल्या आल्या तुम्ही वेगळ्या टोपलीत टाकायचात. लाँड्रीच्या खोलीचं दार उघडलं की हाच्च वास. अस्सा." त्यांनी पंजा नाकासमोर धरला. "मला वाटायचं, मशीन गळतंय, भिंतीत पाणी मुरलंय. प्लंबर बोलावला होता मी. त्यानेही हुंगून बघितलं. म्हणाला, वास ओलीचाच आहे, पण ओल कुठेच नाही. पैसे घेऊन गेला. तरी माझं समाधान होईना, मी आणखी एकाला बोलावलं."

काका उभे होते तिथेच उभे राहिले.

"माठ नाही नि ट्रंक नाही," काकू म्हणाल्या. "त्या खोलीत उभं राहिलं की वाटायचं, खाली आणखी एक खोली आहे."

"हे... हे तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही घरात आलात की सरळ बेसमेंटमध्ये. आणि माझ्या मते ती घरातली ओल होती. ओलीचं काय सांगायचं असतं नवऱ्याला?"

काकांनी भिंतीकडे बघितलं, मग काकूंकडे, मग पुन्हा भिंतीकडे. संजयने हळूच आपली टोपी काढली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

इलोना इतका वेळ शिस्तीत बाजूला उभी होती. आता तिला राहवेना. बाई काय म्हणाल्या, तिने मला विचारलं. मी भाषांतरासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात काकाच पुढे झाले.

"शी सेज, द सेलर वॉज देअर," ते म्हणाले.

"ऑफ कोर्स," इलोनाने हाताने तो काळा बोगदा दाखवला. "इट इज हिअर."

"नो, नो," काका म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "इन न्यू जर्सी."